तट्टा सुटत का नाही?

लेखांक १४

आज आकाशभर पसरलेल्या अजस्र तंतूंकडे वळायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. कारण परवा कारध्याच्या पुलाजवळ चहा घेत असताना एका वाचक मुलीने मला गाठलं. भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "सर, स्ट्रिंग थिअरीत जागेच्या नऊपैकी सहा मिती गुंडाळलेल्या आहेत असं तुम्ही लिहिलंत. पण त्या गुंडाळलेल्याच का राहतात? कोणी बांधून ठेवल्यात का?"

अख्खा लेखांक द्यावा असाच हा प्रश्न आहे. स्ट्रिंग थिअरीवाल्यांना तो जवळजवळ वीस वर्षं छळत होता. शिवाय त्याच्या उत्तरात मुंबईचा वाटा आहे, म्हणून माझा जरा जास्तच लाडका.

गोठ्याच्या आडोशासाठी मी दर दोन-तीन वर्षांनी बुरडाकडून बांबूचा तट्टा आणतो. नवा तट्टा गुंडाळताना पाहण्यासारखा असतो. माणूस त्यावर गुडघा टेकून बसतो, दोन ठिकाणी सुतळी आवळतो, आणि तरी तो आतून ताठ होत राहतो. सुतळी सैल झाली की गुंडाळी फुगते, नाहीतर दबून लंबगोल होते. गुंडाळलेल्या मितींचंही तसंच. बांधलेल्या नसतील तर त्यांचा आकार आणि घेर जागोजागी, क्षणोक्षणी बदलू शकतो.

बदलला तर बिघडलं कुठे? बरंच बिघडतं. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार किती जोर दाखवणार, कणांची वस्तुमानं किती, हे सगळं त्या घेरावर आणि आकारावर ठरतं. घेर हलला की निसर्गाचे आकडे हलले. शिवाय असा प्रत्येक सैलपणा म्हणजे एक नवं क्षेत्र, आणि ते गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला एक जादा बल निर्माण करणार. असं बल प्रयोगशाळेत किंवा ग्रहांच्या गतीत कुठेही सापडलेलं नाही. म्हणजे तट्टा बांधलेला असलाच पाहिजे.

पहिली सुतळी सापडली ती फ्लक्सची. चुंबकाच्या बलरेषा आपण शाळेत लोखंडाच्या किसाने पाहिल्या. स्ट्रिंग थिअरीतही तशा क्षेत्रांच्या रेषा आहेत आणि त्या गुंडाळलेल्या जागेतल्या पोकळ्यांमधून ओवता येतात. ओवायच्या त्या पूर्णांकातच: एक फेरा, दोन फेरे, दीड कधीच नाही. एकदा ओवल्या की गुंडाळीचा आकार वाटेल तसा राहू शकत नाही. जिथे ऊर्जा सर्वांत कमी, तिथे तो बसतो. पोकळ्या शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकीतले फेरे वेगळे ठेवता येतात, म्हणून बांधणीचे प्रकार अफाट होतात. अंदाज म्हणून नेहमी दिला जाणारा आकडा एकावर पाचशे शून्यं असा आहे. स्टीव्हन गिडिंग्ज, शमित कच्रू आणि जोसेफ पोल्चिन्स्की यांनी २००१ मध्ये या बांधणीचं गणित नीट मांडलं. पण त्यात एक सैलपणा राहिला. आकार बसला, एकूण घेर मात्र मोकळाच.

इथे थोडं पुलाकडे यायला हवं. पावसाळ्यात कारध्याच्या पुलाजवळची वैनगंगेची पातळी वर्तमानपत्रात येते, २४५ मीटरच्या आसपास. बाहेरगावचे पाहुणे दचकतात: एवढी खोल वैनगंगा? तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा. शून्य कुठेही धरा, नदीच्या तळाशी धरा की समुद्राशी, पाण्याला फरक पडत नाही. ते फक्त दोन पातळ्यांमधला उतार ओळखतं. जवळपास सगळं भौतिकशास्त्र असंच चालतं. गुरुत्वाकर्षण मात्र अपवाद आहे. त्याला ऊर्जेचं खरं शून्य कळतं. रिकाम्या जागेची ऊर्जा शून्याच्या वर असेल तर विश्वाचं प्रसरण वेग घेत जातं. खाली असेल तर ती प्रसरणाला आवरते.

१९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसल्या आणि प्रसरण वेग घेत असल्याचं उघड झालं. (सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना २०११ चं नोबेल त्याबद्दलच मिळालं.) म्हणजे शून्याच्या वर, पण किती थोडं! एक घन किलोमीटर रिकाम्या जागेत जेमतेम अर्धा ज्यूल. पन्नास ग्रॅमचं लिंबू जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. स्ट्रिंग थिअरीत शून्य पातळीचं किंवा शून्याखालचं विश्व सहज बनत होतं. वरचं काही केल्या बनेना.

जानेवारी २००३ मध्ये चौघांचा शोधनिबंध आला. कच्रू, रेनाटा कॅलॉश आणि आंद्रे लिंडे स्टॅनफर्डचे, आणि चौथे संदीप त्रिवेदी, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. चौघांच्या आद्याक्षरांवरून ही रचना जगभर 'केकेएलटी' म्हणून ओळखली जाते. त्यांनी मोकळा राहिलेला घेर अतिशय बारीक क्वांटम परिणामांनी आवळला. घेराला बसायला खळगा मिळाला, पण त्याचा तळ शून्याच्या खाली गेला. आता तो उचलायचा. प्रतिब्रेन नावाची एक वस्तू घातली की ऊर्जा वाढते, पण इतकी वाढते की खळग्याचा काठच नाहीसा होतो आणि तट्टा सुटतो. त्यांची युक्ती अशी की फ्लक्समुळे गुंडाळलेल्या जागेत एक लांब, निमुळता गळा तयार होतो आणि त्याच्या तळाशी कोणतीही ऊर्जा बाहेरून फार क्षीण भासते. प्रतिब्रेन तिथे तळाशी बसवली. खळगा अलगद उचलला गेला, तळ शून्याच्या किंचित वर आला आणि काठ शाबूत राहिला. त्या गळ्याचं चित्र मी पहिल्यांदा कागदावर काढून पाहिलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या या मंडळींच्या कितीतरी शोधनिबंधांच्या शेवटी, आभारांत, संशोधनाला उदारपणे पोसणाऱ्या भारतातल्या लोकांचा उल्लेख असतो. मी तो त्या मुलीला सांगितला तेव्हा टपरीवाल्यानेही मान वर केली.

या बांधणीवर सगळे खूश नाहीत. हार्वर्डचे कमरुन वाफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असं अनुमान मांडलं की शून्याच्या वर स्थिर राहणारा खळगा स्ट्रिंग थिअरीत मुळी बनतच नाही. मग रिकाम्या जागेची ती ऊर्जा, म्हणजेच कृष्ण ऊर्जा, डोहातलं थांबलेलं पाणी नव्हे, उतारावरून हळूहळू सरकणारं पाणी ठरते आणि कालांतराने ती बदलायला हवी. गंमत बघा, 'डेसी' या ॲरिझोनातल्या प्रकल्पाने लाखो दीर्घिकांच्या नोंदींवरून २०२४ आणि २०२५ मध्ये नेमका तसा संशय व्यक्त केला, की कृष्ण ऊर्जा अलीकडे ओसरत असावी. शिक्कामोर्तब झालेलं नाही. माझं मन अजून केकेएलटीकडे झुकतं. पण त्याहून मोलाचं मला हे वाटतं की इतक्या सूक्ष्म मितींच्या बांधणीबद्दलचा वाद आकाशातल्या दीर्घिका मोजून पुढे सरकू शकतो. दहा वर्षांपूर्वी हे कोणी म्हटलं असतं तर मीच मानलं नसतं.

मुलीचा शेवटचा प्रश्न राहिला. "मग सर, ही गाठ कायमची?" नाही. केकेएलटीच्या हिशेबातही खळगा कायमचा नाही. काठाच्या पलीकडे घेर मोठा होत जाणारा उतार आहे आणि क्वांटम नियमांनुसार काठातून आरपार निसटण्याची शक्यता शून्य नसते. तसं झालं तर सहाही मिती सुटतील आणि जागा नऊ दिशांनी मोकळी होईल. त्याला लागणारा काळ मात्र विश्वाच्या आजच्या १३८० कोटी वर्षांच्या वयापुढे इतका प्रचंड आहे की तो आकडा या पानावर मावणार नाही. तिने वहीत एवढंच लिहून घेतलं: 'सुटू शकतो.' आणि भंडाऱ्याची बस आली म्हणून धावत गेली.

अजस्र तंतू पुढच्या आठवड्यात, नक्की.