मेघदूत पोस्टकार्डावरची जाहिरात म्हणजे सरकारी शिफारस नव्हे

सरकारी कागदावर जाहिरात दिसली की सरकारने त्या मालाची हमी घेतली, असा अनेकांचा समज होतो. टपाल खात्याचे मेघदूत पोस्टकार्ड हे याचे चांगले उदाहरण. साधे पोस्टकार्ड ५० पैशांना असताना २००२ मध्ये हे कार्ड २५ पैशांत आले. पत्त्याच्या बाजूचा डावा भाग जाहिरातदाराला विकलेला, उजवीकडे पत्ता आणि मजकुरासाठी मागची बाजू मोकळी, अशी त्याची रचना. जागेच्या अशा मोबदल्याला करेतर महसूल (कर न लावता मिळणारे सरकारी उत्पन्न) म्हणतात. पोस्टकार्ड छापून घरपोच करण्याचा खर्च त्याच्या किमतीतून निघत नाही. जाहिरात त्या तुटीला हातभार लावते.

एसटीच्या बाजूवर साबणाची जाहिरात असते, म्हणून महामंडळ त्या साबणाची हमी देत नाही. इथेही तसेच आहे. खाते जागा विकते, मालाबद्दल मत देत नाही. शिवाय जाहिरात कार्ड विक्रीला येण्यापूर्वीच छापलेली असते. त्यामुळे पत्र कोणाला गेले, हे जाहिरातदाराला कळत नाही. म्हणून कार्ड निःशंकपणे वापरावे. जाहिरातीतला दावा मात्र इतर जाहिरातींप्रमाणेच पारखून घ्यावा.