नवा रंग, जुना संशय

जुनी गाडी विकायची ठरली की आपल्याकडे पहिली आयडिया ठरलेली. 'एकदा फुल बॉडी पेंट मारून घेऊ. चकाचक दिसेल, भावही वाढेल!' पण जरा थांबा, बॉस. सेकंड हँड गाडीच्या बाजारात नवा रंग कधी कधी भाव वाढवण्याऐवजी पाडतो.

पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या एका मित्राच्या घरी सध्या यावरूनच खडाजंगी चाललीय. घर नगरला. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी तोंडात अजून नगरच! सावेडीतल्या त्यांच्या दारात २०१२ ची सिल्व्हर हॅचबॅक उभी आहे. बॉनेट आणि टप उन्हानं उडालेले, मागचा दरवाजा खरचटलेला. आरसीची पंधरा वर्षं २०२७ मध्ये संपणार. मग तपासणी, रिन्युअलची फी आणि वर पर्यावरण कर. म्हणजे विकायची तर आत्ताच. काकांना अख्खी गाडी रंगवायचीय. मित्राला तेच पैसे नव्या गाडीच्या डाऊन पेमेंटला हवेत. दोघांनी मला पंच नेमलं आणि मी डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे चकरा सुरू केल्या.

गिऱ्हाईक काय बघतं?

रंगापेक्षा रंगाखाली काय दडलंय, ते! कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. त्यावर पुन्हा रंग मारला की जाडी वाढते आणि खाली पुट्टी असेल तर आकडा कित्येक पट होतो. हे मोजायचं छोटं मीटर मिळतं. ते नसलं तरी जाणकार माणूस पत्र्यावर टकटक करतो, काचेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे शोधतो. अख्खी गाडी नवी रंगवलेली दिसली की पुढचा प्रश्न ठरलेला, 'ठोकलीय का?'

सॉलिड, मेटॅलिक की पर्ल?

साध्या सॉलिड पांढऱ्या रंगाला टच-अप सोपा. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. स्प्रे गन किती लांब धरली, प्रेशर किती ठेवलं, यावरही शेड बदलते. म्हणून एकच दरवाजा रंगवला तर तो उन्हात वेगळा दिसतो आणि शेजारच्या पॅनलवरही रंग ब्लेंड करावा लागतो. पर्लमध्ये अभ्रकाचे कण असतात, काम आणखी नाजूक. मॅट फिनिशचा मोह तर टाळाच. त्याला पॉलिश चालत नाही, घासलं की चमकदार डाग पडतात.

आरसीशी पंगा नको

रंग आरसीवर लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी, नाहीतर गाडी नावावर करताना गिऱ्हाईक अडकणार. विमा कंपनीलाही कळवायचं. आणि नगरकरांनो, भिंगारच्या छावणीतल्या गाड्या बघून कितीही भारी वाटलं तरी ऑलिव्ह ग्रीन विसरा! केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याचा.

शेवटी मी निकाल दिला. बॉनेट आणि टपावरचा क्लिअर कोट गेलाय, तिथे पॉलिशचा उपयोग नाही, म्हणून तेवढेच रंगवायचे. बाकी गाडीला कॉम्पाऊंड मारून पॉलिश. काका आधी फुरंगटले, खर्चाचा हिशेब पाहून गप्प झाले.

विकण्याआधी एवढं कराच

- रंगवण्याआधीचे फोटो काढा, बिल जपून ठेवा.
- रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर बघा, अंदाजानं शेड जुळवू नका.
- काय रंगवलं आणि का, हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा. त्यानं शोधून काढलं तर पुढचं प्रत्येक वाक्य त्याला थाप वाटेल.

चार ओरखडे दिसले तर भावात थोडी घासाघीस होईल. पण एकदा संशय आला की गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं!