रेडिएटरवरचा ओला टॉवेल

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी धाकट्या बहिणीकडे बर्मिंगहॅमला गेले होते. नोव्हेंबर महिना. दुपारी चार वाजताच अंधारून यायचे आणि रिमझिम थांबायचे नाव नाही. तिच्या घरात शिरताच नजरेत भरले ते रेडिएटर. भिंतीला बसवलेली पत्र्याची ही चपटी पेटी. आतून बॉयलरचे गरम पाणी फिरते आणि खोली उबदार होते. पण एकही रेडिएटर उघडा दिसेना. टॉवेल, मुलांचे गणवेश, तिची नमाजची ओढणी, सगळे त्यांवर वाळत पडलेले. ऊन नाही, गच्ची नाही. बाईने कपडे वाळवायचे कुठे?

भाचा सहा वर्षांचा. रात्रभर खोकायचा. त्याच्या पलंगामागे भिंतीवर काळे ठिपके धरले होते.

"आपा, दर आठवड्याला पुसते, पुन्हा येतात," बहीण म्हणाली. "घरमालक म्हणतो, तुम्ही घरात कपडे वाळवता, म्हणून बुरशी येते." सांगताना तिची मान खाली गेली होती, जणू मुलाचा खोकला तिच्याच हातून झाला.

पाणी जाते कुठे?

मी भाषांची शिक्षिका, पण पाचवीच्या वर्गाला बाष्पीभवन शिकवायची वेळ माझ्यावरही आली आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन मुलांसमोरच प्रयोग केला. मशीनमधून पिळून निघालेला मोठा टॉवेल तोलला, वाळल्यावर पुन्हा तोलला. फरक जवळपास 300 ग्रॅम! म्हणजे सहा टॉवेल वाळले की पावणेदोन लिटरहून अधिक पाणी खोलीच्या हवेत. खिडक्या बंद असल्या की ते बाहेर जात नाही. थंड सरबताच्या पेल्याला बाहेरून जसे थेंब धरतात, तसे ते घरातल्या सर्वांत थंड भिंतीला जाऊन चिकटते. ओल आली की मागोमाग बुरशी.

रेडिएटरवर थेट टॉवेल टाकण्यात आणखी एक तोटा आहे. खालून थंड हवा शिरते, तापून वर जाते, अशी खोली गरम होते. टॉवेलने ही वाटच बंद होते. बऱ्याच रेडिएटरच्या बाजूला उष्णता ओळखणारी चावी असते. टॉवेलखाली कोंडलेली ऊब तिला लागते, खोली तापली असे समजून ती गरम पाणी अडवते. खोली मात्र गारच राहते, भिंती अधिक थंड होतात आणि ओल वाढते.

आमचा लाकडी घोडा

घर भाड्याचे, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. म्हणून रंगारी वापरतात तसा दुमडता घोडा करायचे ठरले. मेहुण्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून 45 मिलिमीटर रुंद आणि 20 मिलिमीटर जाड अशा चार पट्ट्या आणल्या, प्रत्येकी 120 सेंटिमीटर लांब. सोबत 20 मिलिमीटर जाडीच्या सहा गोल काठ्या, 70 सेंटिमीटरच्या.

चारही पट्ट्या एकत्र बांधून खालून 50, 75 आणि 100 सेंटिमीटरवर खुणा केल्या, म्हणजे भोके एका रेषेत येतात. भोकांत पाण्याने न सुटणारा लाकडाचा गोंद लावून काठ्या बसवल्या. दोन शिड्या तयार झाल्या. त्या वरच्या टोकाला दोन बिजागऱ्यांनी जोडल्या आणि पाय घसरू नयेत म्हणून खाली दोन्ही बाजूंना दोरी बांधली. स्क्रू आणि बिजागऱ्या पितळेच्याच घ्या. लोखंडाचा गंज टॉवेलला लागला तर डाग निघत नाही. शेवटी व्हार्निशचे दोन हात दिले. कच्च्या लाकडाचा रंगही ओल्या कापडाला लागतो.

वरच्या चार काठ्यांवर टॉवेल, खालच्या दोनांवर मोजे आणि लहान कपडे. दोन कपड्यांत चार बोटे जागा सोडायची. घोडा रेडिएटरपासून हातभर दूर उभा करायचा. विजेच्या किंवा गॅसच्या उघड्या हीटरजवळ तर कधीच नाही, आग लागायची भीती असते. आणि मुख्य गोष्ट म्हणजे खोली. आम्ही न्हाणीघर निवडले, कारण तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा आहे. दार बंद, पंखा चालू. पंखा नसेल तर खिडकी थोडी उघडी ठेवावी. घोडा पाणी नाहीसे करत नाही, ते बाहेर जायची वाट आपणच करून द्यावी लागते.

दोष कोणाचा?

तीन आठवडे एकही ओला कपडा झोपायच्या खोलीत गेला नाही. इतर भिंती कोरड्या पडल्या. पलंगामागचा कोपरा मात्र प्रत्येक पावसानंतर ओला व्हायचा. मेहुण्यांनी बाहेर जाऊन पाहिले, तर तिथली पन्हळ फुटलेली! पाणी थेट भिंतीत मुरत होते. त्यांनी तारखांसह फोटो काढून घरमालकाला लेखी कळवले. आता कपड्यांचे कारण सांगायला जागा उरली नव्हती. वसंतात पन्हळ दुरुस्त झाली.

ही गोष्ट लहान नाही. इंग्लंडमधल्याच रॉचडेल गावात डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातल्या बुरशीमुळे त्याला श्वसनाचा विकार जडला होता, असा निर्वाळा मृत्यूच्या अधिकृत चौकशीत नोव्हेंबर 2022 मध्ये दिला गेला. त्याच्या वडिलांनी 2017 मध्येच तक्रार केली होती. त्यांना बुरशीवर रंग मारायला सांगण्यात आले. राहणाऱ्यांच्या सवयींकडे बोट दाखवणे सोपे असते. त्या आईबापांच्या लढ्यामुळे 2023 च्या कायद्यात अवाबच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना अशा तक्रारींची दखल ठरावीक मुदतीत घ्यावी लागावी, यासाठी ती आहे.

आपल्या कोकणातही आषाढ-श्रावणात बंद खोल्यांत दोऱ्यांवर कपडे लोंबतात आणि भिंतींना वास येतो. तिथला घोडा इथेही चालेल. रेडिएटरऐवजी छताचा पंखा लावा आणि एक खिडकी उघडा. त्यानंतरही भिंत ओली राहिली तर कौले, गच्ची, पन्हळ तपासा.

निघताना भाच्याने घोडा उघडून आपला छोटा टॉवेल स्वतः वाळत घातला. "खाला, चार बोटं!" म्हणत त्याने मधले अंतर मोजून दाखवले. बहीण दारात उभी होती. या वेळी तिची मान खाली नव्हती.