बालकांतील मस्तिष्कावरणशोथ : मेरुद्रवाची साक्ष

काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात न बोलणाऱ्या बालकाची वेदना लक्षणांवरून ओळखण्याचा उपदेश आहे. मुरबे परिसरात ज्वर, वांती, ग्लानी किंवा फुगलेली टाळू असलेले बालक अनेकदा प्रथम आपल्यासारख्या वैद्यांकडेच येते. लहान अर्भकात मान ताठरतेच असे नाही. संशय येताच पालघर-बोईसरकडे पाठवावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

"पाठीतले पाणी काढले की मूल पांगळे होते," हे पालकांचे भय आम्ही वारंवार ऐकतो. सुई सुषुम्नारज्जू संपल्यानंतरच्या खालच्या भागात टोचतात, हे त्यांना शांतपणे समजवावे.

नवजात अवस्थेनंतर निरोगी मेरुद्रव स्वच्छ असतो. त्यात प्रति घन मि.मी. सुमारे 5 पर्यंत पेशी व रक्तातील साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश साखर असते. जीवाणुजन्य शोथात द्रव बहुधा गढूळ होतो. न्यूट्रोफिल, प्रथिने व लॅक्टेट वाढतात, साखर घटते. विषाणुजन्य प्रकारात साखर बहुधा प्राकृत राहते. क्षयजन्य प्रकारात लिम्फोसाइट व प्रथिने वाढतात, साखर घटते; एडीए व जनुकीय चाचणी साह्य करतात, परंतु नकारात्मक अहवालाने क्षय नाकारता येत नाही. 1965 साली नागपूरजवळ प्रथम सापडलेल्या चांदीपुरा विषाणूच्या मस्तिष्कशोथात तर द्रव बहुधा प्राकृतच आढळतो.

म्हणून अहवाल लक्षणांसह वाचावा. ही आत्ययिक अवस्था आहे. येथे आपली पहिली चिकित्सा म्हणजे विलंब न करणे.