उड्डाणाचे तास आणि कर्जाचे हप्ते

विमानसेवांच्या विस्तारामुळे देशाला हजारो वैमानिक लागणार, असे वारंवार सांगितले जाते. ते खोटे नाही. मात्र हे वैमानिक कोणाच्या पैशाने घडायचे, याची चर्चा क्वचितच होते.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे. त्यांपैकी १०० तास उमेदवाराने विमानाची सर्व जबाबदारी स्वतः पेलून पुरे करावयाचे असतात. या शिक्षणाचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो. पुढे एअरबस वा बोइंग चालविण्याची पात्रता मिळवावयाची, तर आणखी पंधरा-वीस लाख. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ साली स्थापन झाला तेव्हा उड्डाण हा श्रीमंतांचा छंद होता. आज ती मध्यमवर्गीयांच्या मुलामुलींची आकांक्षा आहे आणि तिच्यासाठी राहते घर किंवा शेतजमीन गहाण पडते. १९८५ साली केंद्र सरकारने स्थापिलेल्या फुरसतगंजच्या अकादमीतही शुल्क चाळीस लाखांच्या वरच आहे.

हा सर्व खर्च नफेखोरीचा म्हणता येणार नाही. विमाने व सुटे भाग परदेशातून येतात. छोट्या विमानांचे एव्हगॅस हे इंधनही बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यात २०२२ साली तयार होऊ लागेपर्यंत आयातच होत असे. विद्यार्थी खरा नाडला जातो तो विलंबाने. पावसाळा, प्रशिक्षकांची वाण, दुरुस्तीसाठी उभी असलेली विमाने यांमुळे वर्ष-दीड वर्षाचा अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षे रेंगाळतो. शुल्क बहुधा आगाऊ घेतलेले असते. व्याज आणि खोलीचे भाडे मात्र थांबत नाही. त्यात अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत काही तास उड्डाण झालेले असले पाहिजे, असाही नियम आहे. म्हणजे संस्थेच्या दिरंगाईपायी विद्यार्थ्यानेच पुन्हा पदरमोड करावयाची!

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. २०२० च्या धोरणाने प्रशिक्षण संस्थांना विमानतळ प्राधिकरणाच्या स्वामित्वधनातून सूट मिळाली आणि जळगाव, बेळगाव येथे नव्या संस्थांना वाव मिळाला. २०२५ मध्ये महासंचालनालयाने संस्थांची पहिली प्रतवारी जाहीर केली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ही कबुली पुरेशी बोलकी आहे.

परवाना हाती आला तरी नोकरीची हमी नाहीच. २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट आणि २०२३ साली गो फर्स्ट यांची विमाने जमिनीवर आली, तेव्हा अनुभवी वैमानिकच नोकरीच्या शोधात निघाले; नवख्यांना कोण विचारणार?

निदान शुल्क तरी उडालेल्या तासांप्रमाणे घ्यावे आणि उर्वरित रक्कम बँकेत स्वतंत्र खात्यात ठेवावी. विमाने विकत घेण्यास भांडवल कोठून आणावे, अशी हरकत संस्था घेतील. त्यांनी ते बँकेकडून घ्यावे. तारण ठेवण्यास त्यांच्यापाशी विमाने आहेत.