'जेन एअर'मधील अनाथ बालिका : आक्रोशाकडून साक्षीकडे

शार्लट ब्रॉण्टे यांची 'जेन एअर' ही कादंबरी १८४७ साली 'करर बेल' या टोपणनावाने लंडन येथे प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या नऊ प्रकरणांत नायिकेचे बालपण येते. बंडखोर मुलगी शाळेच्या शिस्तीत शांत होते, असा या प्रकरणांचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. तो अपुरा वाटतो. जेन गप्प बसायला शिकत नाही. आपले म्हणणे खरे मानले जाईल अशा रीतीने ते मांडायला ती शिकते.

दहा वर्षांची जेन गेट्सहेड येथे दिवंगत मामाच्या घरी आश्रित आहे. खिडकीतील पडद्याआड पक्ष्यांविषयीचे पुस्तक पाहत बसणे हाच तिचा विसावा. चौदा वर्षांचा मामेभाऊ जॉन तेच पुस्तक तिला फेकून मारतो. ती प्रतिकार करते, आणि शिक्षा मात्र तिलाच होते. मामाचा मृत्यू झाला त्या तांबड्या खोलीत तिला कोंडले जाते. तेथील आरशात तिला स्वतःची आकृती भुतासारखी परकी दिसते. ज्या घरात आपले कोणीच ऐकत नाही, तेथे स्वतःची ओळखही संशयास्पद होते, हे लेखिकेने एका प्रतिमेत सांगितले आहे.

ही बालिका आदर्श मात्र नाही. गरीब नातेवाईक असल्यास त्यांच्याकडे जाशील का, असे लॉइड विचारतात, तेव्हा ती नकार देते. दारिद्र्य म्हणजे हीनपणा, ही मामीच्या घरची समजूत तिच्यातही मुरलेली आहे. पुढे मामी पाहुण्या ब्रॉकलहर्स्टसमोर तिला खोटारडी ठरवते. तो निघून गेल्यावर जेन मामीला तोंडावर सुनावते. या विजयाचा आनंद क्षणभरच टिकतो. जळून काळ्या पडलेल्या माळरानासारखी अवस्था मागे उरते. संतापाने मामी हादरते, पण आरोप पुसला जात नाही.

तो आरोप लोवुडच्या शाळेतही तिच्या मागे येतो. ब्रॉकलहर्स्ट तिला स्टुलावर उभी करून सर्वांसमोर खोटारडी म्हणतो. त्या संध्याकाळी मिस टेंपल तिची बाजू विचारतात. द्वेषाला फार थारा देऊ नये, हा मैत्रीण हेलन बर्न्सचा इशारा आठवून जेन कडवटपणा आवरते, आणि त्यामुळेच तिची हकीकत अधिक विश्वसनीय होते. हा या प्रकरणांतील खरा वळणबिंदू होय. हेलनची सर्वक्षमाशील वृत्ती ती स्वीकारत नाही. तिच्याकडून घेते ते केवळ संयमित कथनाचे शिक्षण. संपूर्ण कादंबरी प्रौढ जेन प्रथमपुरुषी निवेदनातून सांगते. त्या निवेदिकेचा जन्म येथे होतो, असे म्हणता येईल.

तरीही तेवढ्याने भागत नाही. मिस टेंपल लॉइड यांना पत्र लिहितात आणि त्यांच्या उत्तराने जेनच्या कथनाला पुष्टी मिळाल्यावरच तिला शाळेसमोर निर्दोष जाहीर करतात. हे लॉइड गेट्सहेडला नोकरचाकर आजारी पडल्यावर बोलावले जाणारे औषधे देणारे वैद्य. मामी स्वतःसाठी व आपल्या मुलांसाठी डॉक्टर बोलावीत असे. जेनला नोकरांच्या पायरीवर बसवणाऱ्या त्या घरात तिच्या बाजूने पत्र लिहू शकेल असा माणूस केवळ त्याच कारणाने आलेला होता.