घरभाडे आणि आगाऊ प्राप्तिकर

पोलाद कारखाने आणि बियाणे उद्योग यांमुळे जालना शहरात भाड्याच्या खोल्यांना मागणी असते. घराचा एखादा भाग भाड्याने देणाऱ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचा समज असा की, वेतनातून प्राप्तिकर कापला गेला म्हणजे आपली जबाबदारी संपली. हा समज बरोबर नाही.

समजा, दरमहा ८,००० रुपये भाडे येते. वर्षाच्या ९६,००० रुपयांतून महानगरपालिकेस भरलेला ६,००० रुपये मालमत्ता कर आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट गेल्यावर ६३,००० रुपये करपात्र ठरतात. २० टक्के दराने, ४ टक्के उपकरासह, त्यावर १३,१०४ रुपये कर होतो.

कापलेला कर वजा जाता वर्षाचे देणे १०,००० रुपये वा अधिक असल्यास १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्चपर्यंत त्याचा अनुक्रमे एकूण १५, ४५, ७५ व १०० टक्के भरणा आवश्यक असतो. कसूर झाल्यास दरमहा १ टक्का व्याज पडते. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील निवृत्तांना मात्र हे बंधन नाही.

सोपा मार्गही आहे. भाड्याचे उत्पन्न आपल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यास वेळीच लेखी कळवावे. त्यावरील कर वेतनातूनच कापला जातो आणि हप्त्यांची चिंता उरत नाही.